दुकानाच्या आवारांतील मोटार

लासूर स्टेशनाहून छत्रपती संभाजीनगरास मोटारीनें खरेदीस जाणाऱ्या मनुष्यास एवढें ठाऊक असावें कीं, दुकानाच्या आवारांत उभी केलेली त्याची मोटार उचलून नेण्याचा अधिकार कोणाचा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणें, सार्वजनिक जागीं १० तास वा अधिक काळ मालकाविना राहिलेली, किंवा मनाईच्या जागीं ठेवलेली गाडी हलविण्यास परवानगी द्यावयाची ती त्या हद्दींतील गणवेशधारी पोलिसानें. गाडी ओढणारा ठेकेदार हा त्या हुकुमाचा हात मात्र होय. दुकानदार तर तोही नव्हे. गिऱ्हाइकांपुरतें उघडें असलेलें खाजगी आवार सार्वजनिक ठरतें कीं नाहीं, यावर वकील भांडोत; दुकानदाराच्या नुसत्या इशाऱ्यावर आंकडा अडकविणें आम्हांस दोन्ही पक्षीं अन्यायाचें वाटतें.

फुकट्यानें सकाळपासून जागा अडविली, तर खऱ्या गिऱ्हाइकानें जावें कोठें, हें खरें. परंतु त्यासाठीं ठळक पाटी लावावी, मालकास हांक मारावी, मग पोलिसास बोलवावें. घाई किती नडते, तें मुंबईंत मालाड येथें नोव्हेंबर २०१७ मध्यें दिसलें: रस्त्यावरील मोटार आंत तान्हें मूल घेऊन बसलेल्या मातेसह ओढली गेली आणि पोलीस शिपाई निलंबित झाला.

ओढण्याचा खर्च कायद्यानें मालकावरच पडतो. म्हणूनच हुकूम कोणी दिला, किती वाजतां व कोणत्या कारणास्तव, हें पावतीवर लिहून मागावें. पाटी नसल्यास जागेचें छायाचित्र जोडून वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. आमची मंडळी येथेंच कच खातात: दंड मुकाट्यानें भरतात, आणि सारा वाद गांवीं परतल्यावर चहाच्या दुकानांत घालतात.