रस्त्याचा हक



हिंगणीत राहणाऱ्यांनी पार्किंगवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. आमच्याकडे गाडी लिंबाखाली उभी राहते. मागून कुणाची बैलबंडी आली की एक हाक मारायची, मालक धावत येतो. पण दवाखाना, लग्नाचा बस्ता, ईदची खरेदी यासाठी आपण सगळेच नागपूर गाठतो आणि तिथे हाक ऐकायला मालक जवळ नसतो.

मागच्या शाबानमध्ये घरचे सहा जण गाडीने मोमिनपुऱ्यात गेलो. पाऊण तास फिरूनही जागा मिळेना. शेवटी एका बोळीत भिंतीला खेटून गाडी लावली आणि खरेदीत रमलो. दोन तासांनी परतलो तर एका दारात बाया जमलेल्या. त्या घरातल्या म्हाताऱ्या चाचांना दवाखान्यात न्यायचे होते. ऑटो आत येईना, म्हणून मोहल्ल्यातल्या पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून नाक्यापर्यंत नेले होते. "गाडी तुमचीच का?" सूनबाईंनी एवढेच विचारले. आम्ही मान खाली घालून निघालो. माफी मागायचेही सुचले नाही.

रस्त्यातली त्रास देणारी वस्तू दूर करणे हा इमानचा भाग आहे, हे आपण लेकरांना लहानपणीच सांगतो. रस्त्यावर बसायचेच असेल तर रस्त्याचा हक अदा करा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीदही आपल्याला ठाऊक आहे. काटा, दगड, केळीचे साल ही उदाहरणे आम्ही कितीदा दिली असतील! आपलीच धुऊन-पुसून ठेवलेली गाडी त्यात कधी धरली नव्हती.

एका मोटारीला उभे राहायला साधारण दहा बाय बाराच्या खोलीएवढी जागा लागते. शहरात तेवढ्याच खोलीत अख्खे कुटुंब राहते आणि दर महिन्याला भाडे भरते. मोटार मात्र सार्वजनिक रस्त्यावर फुकट राहते. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात नेमके यावरच बोट ठेवले आहे. जागेची खरी किंमत पार्किंगच्या दरात दिसावी, म्हणजे लोक बस-रेल्वेकडे वळतील. आणि जागा देताना सार्वजनिक वाहने व सायकलींना आधी मान द्यावा, असे ते धोरण सांगते. पुणे महापालिकेने मार्च 2018 मध्ये असे पार्किंग धोरण मंजूर केले. एके काळचे सायकलींचे शहर ते, आणि तोवर तिथली वाहने माणसांच्या संख्येलाही मागे टाकू लागली होती. पण ओरड एवढी झाली, की प्रयोग म्हणून पाचच रस्त्यांपुरते ते ठरवले गेले आणि पुढे तेही रखडले. जपानमध्ये 1962 च्या कायद्यापासून गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे आधी गाडी येते, मग जागेवरून भांडण.

दर वाढले तर गरीब मरेल, असे म्हणतात. दुचाकीवर पोट असणाऱ्यांसाठी ते खरे आहे, त्यांच्याकडून मोटारीएवढे घेऊ नये. पण सगळ्यात गरीब माणूस तर एसटीच्या थांब्यावर उन्हात उभा असतो, आणि त्याची बस आपल्याच गाड्यांच्या गर्दीत अडकते. पार्किंगचा पैसा बसवर खर्च झाला तरच दरवाढीला अर्थ आहे. गावाकडे परतणारी संध्याकाळची बस भरवशाची नसेल, तर गाडी घरी ठेवा असे कुणाला कोणत्या तोंडाने सांगावे?

तरी जमेल तेवढे करायचे आम्ही ठरवले. एसटीत ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही आणि मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. अम्मीला धरून हिशेब केला, तेव्हा गाडीच्या पेट्रोलपेक्षा एसटी बरीच स्वस्त पडली. जुम्याला मशिदीत पायी जायचे, हेही ठरले. पावलागणिक सवाब आहे, हे आपण ऐकतो आणि चावी खिशात टाकतो!

शव्वालमध्ये सेलूहून एसटीने नागपूरला गेलो, बर्डीला मेट्रो बदलली आणि दोसर वैश्य चौकात उतरून पायी त्या बोळीत पोहोचलो. बंद्याचा हक मारला तर माफी त्या बंद्याकडूनच मागावी लागते, ही गोष्ट दोन महिने मनात टोचत होती. चाचा दाराशीच खाटेवर बसले होते. आम्ही कोण ते सांगितले. त्यांनी हात धरून शेजारी बसवले, सूनबाईंना चहा टाकायला सांगितला.

"माफ केलं बेटा," ते म्हणाले आणि समोर बोट दाखवले. आमच्या जागेवर दुसरी एक पांढरी गाडी उभी होती. "सकाळपासून आहे. कोणाची आहे, माहीत नाही."