अब्बांच्या खिशातला कागद



गेल्या थंडीत आमच्या अब्बांची मस्जिदीतली जागा बदलली. वर्षानुवर्षे पहिल्या सफेत उभे राहणारे अब्बा शेवटच्या सफेत, दाराजवळ दिसू लागले. मग इशाची नमाज घरीच होऊ लागली. विचारले तर म्हणायचे, "थंडी फार आहे रे." येडगावात धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा थंडीत झोंबतोच, म्हणून आम्हालाही ते पटले. खरे कारण अम्मीने सांगितले, तेही बऱ्याच दिवसांनी आणि दबक्या आवाजात. अब्बांना रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठावे लागत होते. दिवसा घाई झाली की धरवत नव्हते. लघवी झाल्यावरही थेंब येत, त्यामुळे वुजू राहिला की तुटला ही शंका त्यांचे मन खात होती.

अब्बा बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या वयाच्या माणसाने मुलाला हे सांगावे, अशी आपल्या घरांत रीत नाही. पण न सांगण्याची किंमत काय असते, हे आम्ही त्या थंडीत पाहिले. म्हणून या महिन्याचे सदर या विषयावर. घरातल्या बुजुर्गांनी वाचावेच, पण त्यांच्या गोळ्या काढून देणाऱ्या लेकीसुनांनीही वाचावे.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. पन्नाशीनंतर बहुतेकांत ती हळूहळू वाढते आणि मधली नळी दाबली जाते. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, पोट रिकामे झाल्यासारखे वाटत नाही, रात्री उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र दोन्हींची काही लक्षणे सारखी दिसतात, म्हणून तपासणी डॉक्टरांकडूनच व्हायला हवी. लघवीत रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये.

आमच्या जुन्नर तालुक्यात या दुखण्याला आणखी एक भीती चिकटली आहे. कुकडीचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उभे राहिले ते उगाच नाही. मळ्यातल्या कित्येक घरांचा संडास आजही अंगणाच्या पलीकडे आहे. रात्री दोन वाजता, अंधारात, एकट्या म्हाताऱ्या माणसाने चार वेळा बाहेर जायचे, तेही चक्कर आणू शकणारी गोळी घेऊन! शहरात हा आजार झोपमोडीचा असेल, आमच्याकडे तो जिवाशी खेळ आहे.

अब्बांना डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफी झाली आणि रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची एक कॅप्सूल सुरू झाली. आठवड्याभरात फरक पडला. पुढे जानेवारीत त्यांना सर्दी झाली. मी शाळेत होतो. अब्बा दुकानात गेले आणि सर्दीची गोळी मागून आणली. दुकानदाराने दुसरे औषध चालू आहे का हे विचारले नाही, अब्बांनी सांगितले नाही. दोन दिवसांनी मध्यरात्री त्यांची लघवी पूर्ण बंद झाली. ओटीपोट दगडासारखे ताठले, अंगाला घाम सुटला. दवाखान्यात नेऊन नळी घातली तेव्हा कुठे जीव मोकळा झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सर्दीचे काही घेतले होते का?"

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असते. नेमके हेच औषध मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळते. त्याच गोळीत असलेले क्लोरफेनिरामाइन मूत्राशयाची जोर लावण्याची ताकद कमी करते. म्हणजे दार घट्ट होते आणि आतून ढकलणारा हात ढिला पडतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही, पण प्रोस्टेट वाढलेल्याची वाट पूर्ण बंद होऊ शकते. पोटातल्या मुरड्यावरच्या आणि झोप आणणाऱ्या काही गोळ्यांचेही असेच आहे. म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांनी सर्दीची साधी गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये. लघवी अजिबातच होईनाशी झाली तर पाणी पीत, सकाळची वाट पाहत बसू नये. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

या आजाराची औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन ही नावे येतात. ती मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. गुण काही दिवसांत दिसतो, पण ग्रंथी लहान होत नाही. दुसऱ्या प्रकारात फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. ही ग्रंथी हळूहळू आकसवतात आणि पूर्ण गुण यायला सहा महिने लागू शकतात. पुष्कळांना दोन्ही एकाच गोळीत दिलेली असतात. महिनाभरात फरक नाही म्हणून दुसऱ्या प्रकारचे औषध सोडून देणारे बरेच जण आहेत. आणि पहिल्या प्रकारचे औषध बरे वाटले म्हणून बंद केले की त्रास परत येतो. चालू ठेवायचे की थांबवायचे, हे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे.

पहिल्या प्रकारच्या गोळ्यांची काळजी म्हणजे चक्कर. त्या रक्तवाहिन्याही थोड्या सैल करतात, त्यामुळे झटकन उठले की रक्तदाब खाली येतो. सुरुवातीच्या दिवसांत हे जास्त होते आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आणखी. टॅमसुलोसिन रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायचे असते. रिकाम्या पोटी घेतले तर ते रक्तात लवकर आणि जास्त चढते. जेवणानंतर घेतले तर साधारण सहा-सात तासांनी त्याचा जोर सर्वाधिक असतो. रात्री नऊला घेतलेल्या गोळीचा जोर पहाटे तीन-चारला, म्हणजे ऐन तहज्जुदच्या वेळी! तेव्हा अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसावे, मगच उभे राहावे. सजद्यातून उभे राहतानाही घाई नको. डोके गरगरत असेल तर बसून नमाज अदा करण्याची सवलत दीनने दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. कॅप्सूल फोडून, चावून किंवा कुटून घेऊ नये. आतले औषध सावकाश सुटावे अशी तिची बांधणी असते. काही दिवस गोळ्या चुकल्या असतील तर स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू न करता डॉक्टरांना विचारावे, कारण चक्कर पुन्हा पहिल्या दिवसासारखी येऊ शकते.

दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांची काळजी घरातल्या स्त्रियांनी घ्यायची आहे. गरोदर असलेल्या किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने फिनास्टेराइडची तुटलेली गोळी किंवा ड्युटास्टेराइडची गळकी कॅप्सूल हातात धरू नये. हे औषध त्वचेतून आत जाऊ शकते आणि पोटातला गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. चुकून हात लागला तर लगेच साबणाने धुवावा. सासऱ्यांना गोळी गिळता येत नाही म्हणून सुनेने ती कुटून पाण्यात देणे, ही आपल्या घरांत सहज होणारी गोष्ट आहे. तेवढ्यासाठी हे मुद्दाम लिहिले. शिवाय या औषधाने पीएसए या रक्ततपासणीचा आकडा सहा महिन्यांत साधारण निम्म्यावर येतो. तपासणी वाचणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल तर वाढलेला आकडाही त्यांना ठीक वाटू शकतो. ड्युटास्टेराइड घेणाऱ्याने रक्तदान करू नये, आणि ते बंद केल्यावरही सहा महिने थांबावे.

डोळ्यांचे डॉक्टर यात कुठून आले, असे तुम्हाला वाटेल. 2005 साली अमेरिकेतल्या डोळ्यांच्या दोन शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याची बाहुली ऐनवेळी आकसते आणि बुबुळाचा पडदा लुळा पडून फडफडतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर तयारीने शस्त्रक्रिया करतात आणि ती नीट पार पडते. माहीत नसेल तर डोळ्याला इजा होऊ शकते. नारायणगावच्या मोहन ठुसे नेत्ररुग्णालयामुळे आणि शिबिरांमुळे आमच्या भागात गोरगरिबांच्या डोळ्यांवर वेळेत उपचार होतात, ही मोठी नेमत आहे. पण शिबिरात नाव लिहिताना "रक्तदाब आहे, शुगर आहे" एवढेच सांगितले जाते. लघवीची गोळी कोण सांगतो? ती सांगितलीच पाहिजे. पूर्वी घेत होतो, आता बंद आहे, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून लिहितो. यातल्या काही औषधांनी वैवाहिक संबंधांत फरक पडू शकतो. लाजेपोटी कोणाला न सांगता गोळी बंद करणारे असतात आणि लाजेपोटीच कोणाला न सांगता ताकदीची गोळी आणणारेही असतात. ती गोळी आणि ही गोळी एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. नाव नसलेल्या पुड्या आणि माजून यांचेही तेच. आत काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. डॉक्टरांना विचारा. औषध बदलता येते.

रमजानमध्ये ही गोळी फार अडचणीची नाही, कारण ती बहुधा दिवसातून एकदाच असते. खजूर आणि पाण्यावर न घेता इफ्तारच्या पोटभर जेवणानंतर घ्यावी. वेळ बदलण्यापूर्वी आणि रोजे झेपतील का यासाठी डॉक्टरांशी रमजानच्या आधीच बोलावे. दिवसभर पाणी नसल्याने तरावीहमध्ये चक्कर जास्त जाणवू शकते, म्हणून भिंतीजवळची जागा किंवा खुर्ची घ्यावी. इफ्तार ते झोप या वेळेत पाणी थोडे थोडे प्यावे, एकदम लोटाभर नको. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची मुभा कुरआनच्या सूरह बकरहमध्ये आहे.

राहिली पाकीची शंका. ज्याचे थेंब नमाजेच्या एका पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकेही थांबत नाहीत, त्याला शरियत माजूर मानते. हनफी मसलकप्रमाणे तो प्रत्येक नमाजेच्या वेळेसाठी एक वुजू करून नमाज पढू शकतो. अधूनमधून थेंब येणाऱ्याचा मसला वेगळा आहे. आपल्या इमामसाहेबांना एकांतात विचारावे. अब्बांनी विचारले आणि त्यांच्या मनावरचे निम्मे ओझे तिथेच उतरले.

आता अब्बांच्या खिशात पोस्टकार्डाएवढा एक कागद असतो. माझ्या मुलीने तो स्वच्छ अक्षरात लिहिला आहे: प्रत्येक औषधाचे कंपनीने दिलेले नाव आणि त्याखाली मूळ औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायचे, कोणते आजार आहेत, कोणते औषध सोसत नाही, डॉक्टरांचा फोन. मूळ नाव फार महत्त्वाचे. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दिले तर नकळत दुप्पट डोस जातो. जनऔषधी दुकानातही मूळ नावानेच औषध मिळते. पाकिटाच्या कोपऱ्यात 'आरएक्स' अशी खूण असेल तर ते चिठ्ठीवाचून घ्यायचे औषध नाही, मग शेजाऱ्याला त्याने कितीही गुण आलेला असो. हज-उमराहला जाताना हा कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी पासपोर्टजवळ ठेवावी, गोळ्या मूळ पाकिटात आणि हातातल्या बॅगेत.

घरात आम्ही आणखी तीन गोष्टी केल्या. अब्बांच्या पलंगाजवळ रात्रीसाठी लघवीचे भांडे ठेवले, पायाशी छोटा दिवा लावला आणि अंधारात एकट्याने अंगणाबाहेर जायचे नाही असा नियम केला. संध्याकाळचा दुसरा चहा त्यांनी स्वतःहून सोडला.

गेल्या जुम्याला अब्बा पुन्हा पहिल्या सफेत होते. सजद्यातून सगळे उठले आणि अब्बा त्यांच्या मागून, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश उठले. मी मागून पाहत होतो. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून कागदाचा कोपरा दिसत होता.

तुमच्या घरातल्या बुजुर्गांनी मस्जिदीतली जागा बदलली आहे का, एवढे या आठवड्यात जरूर पाहा. विचारायला जड जात असेल तर हे पान त्यांच्या उशाशी ठेवा. अल्लाह सर्वांना शिफा देवो. आमीन.