उन्हाचेही माप घ्या!

कापड घेताना आपण मीटर लावतो, धान्य घेताना काटा पाहतो. मात्र छपरावर सौर पॅनेल बसविताना आपले व्यापारी व कारागीर बांधव ‘इतके किलोवॅट’ या एका शब्दावर विसंबून आयुष्याची बचत मोजून देतात. ही चूक महागात पडते.

किलोवॅट ही पॅनेलची क्षमता आहे, हाती येणारी वीज नव्हे. कारखान्यातील चाचणीत दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि पॅनेलचे तापमान २५ अंश धरलेले असते. आपल्या पत्र्यावर उन्हाळ्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्के क्षमता घटते.

हिशेब सोपा आहे. दिवसभरात दर चौरस मीटरवर किती युनिट ऊन पडले, हे उन्हाचे माप. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी रोज ५ युनिटांच्या आसपास आहे. त्या हिशेबाने १ किलोवॅटच्या पॅनेलने रोज ५ युनिट द्यावेत. पण उष्णता, धूळ, वायरिंग व इन्व्हर्टर यांची घट जाता सुमारे ४ उरतात. समजा, १०० वॅटची १० शिलाई मशिने ८ तास चालतात. लोड १ किलोवॅटच. पण रोजची गरज ८ युनिटांची. म्हणजे पॅनेल २ किलोवॅटचे हवे. शिवाय हीही सरासरी झाली. जुलै-ऑगस्टच्या ढगांत वीज बरीच घटते. त्या महिन्यांची तजवीज वेगळी करावी लागते.

उन्हाची मोजणी नवी नाही. हवामान खात्याने १९५७ सालीच तशी केंद्रे सुरू केली. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनेही २०११ पासून देशात अशी केंद्रे उभारली. तेव्हा विक्रेत्याकडे आपल्या गावाचे महिनावार आकडे जरूर मागावेत.

एक मोजणी मात्र आपणच करावी. सकाळी ९ ते दुपारी ३ पर्यंत छपरावर पाण्याच्या टाकीची, शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येते ते पाहावे. डिसेंबरात ती सर्वांत लांब पडते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावरची सावलीही वीज बरीच कमी करते.

आमचे म्हणणे एवढेच, की सौदा किलोवॅटचा न करता वर्षाला मिळणाऱ्या युनिटांचा करा आणि तो आकडा लेखी घ्या. जो विक्रेता तो लिहून देण्यास कचरतो, त्याच्या दुकानाची पायरी उतरलेली बरी.