संगणकाचा परवाना कोणता घ्यावा?



खापरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. कापसाचे पैसे हाती आले आहेत, मुलगी बारावीनंतर पुढे शिकते आहे, म्हणून तिच्या अभ्यासासाठी आणि घरच्या हिशेबासाठी संगणक घ्यायचे ठरले आहे. एक दुकानदार म्हणतो, “यंत्र जुने पण मजबूत आहे, विंडोज भरून देतो, त्याचे वेगळे पैसे नकोत.” दुसरा म्हणतो, परवान्याचे पैसे वेगळे पडतील. तिसरा म्हणतो, लिनक्स घ्या, ते फुकटच आहे. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे त्या विचारतात. हा प्रश्न आता गावोगाव पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की संगणकाचे यंत्र आपण विकत घेतो, पण ते चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बहुधा विकत घेत नाही. आपण घेतो तो ती वापरण्याचा परवाना. शेत खंडाने घेतले म्हणजे सातबारा आपल्या नावावर होत नाही. करारात लिहिले असेल तेवढेच करता येते. तसेच हे आहे. म्हणून किंमत विचारण्याआधी अटी विचाराव्यात.

विंडोजचे परवाने मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला यंत्राबरोबर येणारा. त्याला दुकानात ‘ओईएम’ म्हणतात. नवीन लॅपटॉपमध्ये कारखान्यातून विंडोज घातलेले असते, ते याच परवान्याचे. तो स्वस्त पडतो, कारण तो त्या एकाच यंत्राला बांधलेला असतो. पाण्याची पाळी जशी जमिनीबरोबर जाते, तसा हा यंत्राबरोबर जातो. यंत्र विकले की परवानाही गेला. यंत्रातला मुख्य बोर्ड बदलला तर बहुधा परवाना संपतो. फक्त तो बिघडल्यामुळे कंपनीने बदलून दिला असेल तर सवलत मिळते.

दुसरा परवाना सुटा विकत मिळतो, त्याला ‘रिटेल’ म्हणतात. तो महाग असतो, पण आपल्या औतासारखा असतो. या शेतातून काढून त्या शेतात नेता येतो. मात्र एका वेळी एकाच यंत्रावर चालवायचा. दुसऱ्यावर नेताना पहिल्यावरून काढावा लागतो.

तिसरा परवाना संस्थांचा. कॉलेज, बँक, कारखाना अशा ठिकाणी शेकडो यंत्रे असतात, त्यांच्यासाठी कंपनी एकगठ्ठा परवाने देते. बाजारात दोन-चारशे रुपयांत ‘चावी’ विकली जाते, ती पुष्कळदा अशाच गठ्ठ्यातून बाहेर पडलेली असते. उपसा सिंचन संस्थेच्या सभासदाने आपल्या वाट्याचे पाणी बाहेरच्याला विकावे, तसा हा व्यवहार. यातल्या एका पद्धतीत संगणकाला दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या मुख्य संगणकाकडून फेरमंजुरी घ्यावी लागते. बनावट साधनाने ही मंजुरी मिळाल्यासारखी दाखवतात, आणि सहा महिन्यांनी पडद्यावर सूचना झळकू लागते.

आता पहिल्या दुकानदाराचे ‘भरून देतो’ हे बोलणे घ्या. जुन्या यंत्राला मूळचा परवाना असेल तर त्यात काही गैर नाही. अलीकडच्या यंत्रांत तर परवान्याची चावी बोर्डातच नोंदलेली असते. पण परवाना नसताना कुलूप तोडून विंडोज घातले असेल, तर धोका दुहेरी आहे. कुलूप तोडणाऱ्या त्या साधनाबरोबर चोरही आत येतो आणि बँकेचा पासवर्ड, आधारची प्रत, मुलीची प्रमाणपत्रे यांवर डल्ला मारतो. दुसरे, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३-ब आहे. संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. धंद्याच्या फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. पण त्या वाटेला जावेच कशाला?

जुने यंत्र घेताना आणखी एक बघावे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते; बहुतेक करून २०१८ च्या आधीचे प्रोसेसर तिला चालत नाहीत. म्हणजे परवाना खरा असूनही यंत्र मागे पडू शकते.

आता तिसऱ्या दुकानदाराचे लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते सुरू केले. त्याचा परवाना जीपीएल म्हणून ओळखला जातो. तो अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये तयार केला. हा परवाना समजायला आपल्याला देशी बियाणे आठवावे. घरचे बी जपून ठेवता येते, पेरता येते, शेजाऱ्याला देता येते. आपल्या देशाच्या २००१ च्या पीक वाण व शेतकरी हक्क कायद्याने हा हक्क शेतकऱ्याला लेखी दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. जीपीएलही असेच म्हणतो: वापरा, वाटा, सुधारा, हवे तर पैसे घेऊन द्या. अट एकच, सुधारलेली प्रणाली दुसऱ्याला द्याल तर तिचा मूळ आराखडाही द्या आणि हेच स्वातंत्र्य त्यालाही द्या. म्हणजे लिनक्सलाही परवाना असतोच. फक्त तो हात बांधणारा नसतो. आपल्याच सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये याच पायावर ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली काढली. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये अशीच मुक्त प्रणाली वापरतात.

मग लिनक्सच घ्यावे काय? आधी काम बघावे. सातबारा पाहणे, अर्ज भरणे, बाजारभाव, मराठी टंकलेखन, पत्र लिहिणे, चित्रफिती बघणे हे सारे त्यावर होते. जुन्या यंत्रालाही ते हलके पडते. पण टॅलीसारखे हिशेबाचे काही कार्यक्रम, अंगठ्याचे यंत्र, काही छपाईयंत्रे त्यावर थेट चालतीलच असे नाही. मुलीच्या अभ्यासक्रमात विंडोजवर शिकवत असतील, तर तिथे चौकशी करूनच ठरवावे.

थोडक्यात सांगायचे तर असे करावे. नवे यंत्र घेत असाल, तर त्यातच आलेला विंडोज होमचा परवाना घरच्या कामाला पुरतो. प्रो आवृत्तीच्या जादा सोयी मुख्यतः कचेऱ्यांच्या उपयोगाच्या. यंत्रे वरचेवर बदलणार असाल, तरच सुटा परवाना घ्यावा. यंत्र जुने आणि काम साधे असेल, तर लिनक्स घालावे. दुकानात पेनड्राइव्हवरून आधी चालवून दाखवायला सांगावे, त्यासाठी आतले काही पुसावे लागत नाही. आणि परवाना कोणताही असो, बिलावर प्रणालीचे नाव, आवृत्ती व परवान्याचा प्रकार लिहून घ्यावा. बियाणे घेताना आपण पावती आणि पिशवीवरची चिठ्ठी जपून ठेवतो, तसेच हे बिलही जपावे. असे लिहून द्यायला दुकानदार कांकू करू लागला, तर त्याच्याकडून यंत्र घेऊ नये.