महाशीरची बंदी पंधरा ऑगस्टला संपू नये

मध्य प्रदेशातल्या नद्यांमध्ये दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. 1972 च्या नियमांनी ठरलेली ही मुदत रोहू, कटला, मृगळ या माशांसाठी योग्यच आहे. पावसाळ्याचे पहिले मोठे लोंढे आले की हे मासे गढूळ पाण्यात अंडी सोडतात, अंडी प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि पंधरा-वीस तासांत त्यांतून पिल्लं बाहेर येतात. पण याच राज्याने 2011 मध्ये ज्याला राज्यमाशाचा मान दिला, त्या महाशीरची तऱ्हा वेगळी आहे. निमाडात त्याला बाडस म्हणतात. तो एकाच वेळी सगळी अंडी टाकून मोकळा होत नाही. पावसाळ्याच्या मध्यापासून पुढे, पूर चढत-उतरत असताना, टप्प्याटप्प्याने त्याची वीण चालते. श्रावणाचा उत्तरार्ध, भाद्रपद आणि आश्विन हा त्याच्यासाठी कळीचा काळ, आणि नेमकी तेव्हाच बंदी उठलेली असते. म्हणून नर्मदेच्या काही निवडक पट्ट्यांत तरी मासेमारीची बंदी शरद ऋतू संपेपर्यंत वाढवली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

शरदात नदीत काय घडतं, हे आधी पाहायला हवं. पाऊस ओसरतो, आकाश मोकळं होतं, रात्री गार होऊ लागतात आणि चहासारखं गढूळ पाणी हळूहळू निवळतं. पुराच्या काळात महाशीर मोठ्या पात्रातून उपनद्यांत चढतो. गोटे आणि जाड रेती असलेला उथळ, खळाळता, भरपूर प्राणवायूचा प्रवाह त्याला अंड्यांसाठी लागतो. अंडी जड असतात, ती तळाशी बसून गोट्यांच्या सांदीत अडकतात. त्यांतून पिल्लं निघायला तीन-चार दिवस लागतात आणि निघाल्यावरही ती पोटाखालच्या बलकावर जगत काही दिवस तिथेच दडून राहतात. एवढ्या काळात पाणी एकदम उतरलं तर अंडी उघडी पडून वाळतात, एकदम चढलं तर वाहून जातात. याच दिवसांत पात्र आक्रसल्याने मोठे मासे अरुंद धारांतून आणि डोहांतून परतत असतात. पाणी नितळ, मासा एका जागी गोळा झालेला, वाट ठाऊक असलेली. जाळं टाकणाऱ्याला आणि गळ लावणाऱ्याला वर्षातला सर्वांत चांगला काळ हाच, आणि माशाला सर्वांत धोक्याचाही हाच.

अमेरिकेत विस्कॉन्सिनचा राज्यमासा मस्की हा असाच ताकदवान, गळाला सहजी न लागणारा शिकारी मासा आहे. तिथेही शरद ऋतू आला की गळवाले हरखतात. तळ्याच्या वरच्या थरातलं पाणी थंड होऊन खाली बसतं, सगळे थर एकमेकांत मिसळतात आणि थंडी पडण्याआधी मस्की अधाशासारखा खातो. पण मस्कीची वीण वसंतात होते, आणि विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात त्याच्या मासेमारीचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीस, वीण आटोपल्यावर उघडतो. म्हणून शरदातली मासेमारी तिथे विणीच्या आड येत नाही. नियम माशाच्या वेळापत्रकावरून बेतला, की गळाचा आनंद आणि माशाचा वंश दोन्ही टिकतात. आपण महाशीरला मान दिला, पण वेळापत्रक मात्र रोहूचंच ठेवलं.

त्यात आता शरदच पूर्वीसारखा राहिलेला नाही. परतीच्या पावसाची सर्वसाधारण सुरुवात राजस्थानातून 1 सप्टेंबरला होते असं मानलं जाई, हवामान खात्याने 2020 मध्ये ती तारीख 17 सप्टेंबर केली. 2019 मध्ये तर परतीचा प्रवास 9 ऑक्टोबरला सुरू झाला, नोंदींतला सर्वांत उशिराचा. 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्यानंतर सप्टेंबरच्या मध्याला इंदूरसह सगळ्या पश्चिम मध्य प्रदेशावर पाऊस कोसळला. ओंकारेश्वर धरणाचे दरवाजे उघडावे लागले, मोरटक्क्याच्या पुलावरची वाहतूक थांबली. त्या वर्षी बंदीचा शेवट दुष्काळासारख्या दिवसांत झाला आणि नदीचा खरा पूर त्यानंतर महिन्याने आला. कॅलेंडरवरची तारीख आणि नदीची अवस्था यांत एवढं अंतर पडत असेल, तर 15 ऑगस्टला चिकटून राहण्यात अर्थ नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. महाशीर घटला तो केवट-कहारांच्या जाळ्यांमुळे की धरणांमुळे? 1958 ते 1966 या काळात नर्मदेच्या मत्स्यसंपदेचा अभ्यास झाला तेव्हा होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या परिसरात एकूण पकडीतला पाव हिश्श्याहून अधिक भाग महाशीरचा होता. त्यानंतर बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर ही धरणं झाली आणि वाहत्या नदीची तळ्यांची माळ बनली. महाशीरला तळं नको, धार हवी. शिवाय इंदिरा सागरचं 1,000 मेगावॉटचं आणि ओंकारेश्वरचं 520 मेगावॉटचं वीजघर मागणीप्रमाणे चालतं, तसं खालचं पाणी चढतं-उतरतं. म्हणून बंदी वाढवण्याचा पहिला भार धरण चालवणाऱ्यांवर पडला पाहिजे. भाद्रपद-आश्विनात ओंकारेश्वरखालचा विसर्ग शक्य तितका स्थिर ठेवणं हा या मागणीचा अविभाज्य भाग आहे. रेतीचंही तेच. पावसाळ्यात बंद असलेलं उत्खनन ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि ज्या गोट्या-रेतीत पिल्लं दडलेली असतात, तीच उपसली जाते. नुसतं जाळं थांबवून यंत्रं चालू ठेवली तर तो मच्छीमारांवर अन्याय होईल.

दुसरा आक्षेप पोटाचा. दोन महिने हात बांधलेल्या कुटुंबांना आणखी अडीच-तीन महिने थांबा म्हणणं सोपं नाही. म्हणूनच मागणी अख्ख्या नर्मदेसाठी नाही. ओंकारेश्वर ते महेश्वर हा पट्टा आणि जानापावच्या डोंगरात उगम पावून बडवाहजवळ नर्मदेला मिळणारी चोरल नदी, एवढ्यापुरती ती आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या तीन महिन्यांसाठी गरीब मच्छीमाराचे स्वतःचे 1,500 आणि सरकारचे 3,000 मिळून 4,500 रुपये हाती येतात. महिन्याला दीड हजारात घर चालत नाही. वाढीव काळासाठी राज्याने वेगळी आणि पुरेशी रक्कम द्यावी, आणि घाटांवर राखणीचं, पिल्लांच्या नोंदीचं काम याच कुटुंबांना द्यावं. डोह त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाहीत.

कृत्रिम पैदाशीचं काय, असंही विचारलं जाईल. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी सत्तरच्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवली गेली, ते काम मोलाचं आहे. बडवाहच्या वन विभागानेही असे प्रयत्न केले आहेत. पण टाकीतलं पिल्लू सोडायचं कुठे? पातळी रोज हेलकावे खात असेल आणि तळ उपसला जात असेल, तर सोडलेली पिल्लं मोठी होऊन पुन्हा वीण घालणार नाहीत.

इंदूरच्या नळाला 1978 पासून जलूदहून नर्मदा येते. हे शहर तिच्या पाण्यावर वाढलं आहे, त्यामुळे तिच्यातल्या जिवांचा प्रश्न फक्त निमाडाचा नाही. नर्मदेची एक मुदत तर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळतो. परिक्रमावासी चातुर्मासात एका जागी थांबतात आणि कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा चालू लागतात. तीच मुदत महाशीरलाही मिळावी. ओंकारेश्वर ते महेश्वर आणि चोरल नदीत कार्तिकी एकादशीपर्यंत मासेमारी व रेती उपसा बंद ठेवण्याची अधिसूचना राज्य सरकारने पुढच्या 15 ऑगस्टच्या आत काढावी, आणि इंदूरकरांनी आपल्या आमदार-खासदारांकडे तिचा आग्रह धरावा.