मुलगा मोठा झाला, म्हणून आई दाराबाहेर?

दर महिन्याला गुलमंडीवर सुपारी हनुमानाजवळ रिक्षा धरायची, चाकाची खुर्ची घडी करून मागे कोंबायची आणि एकोणीस वर्षांच्या पोराला उचलून आत बसवायचं. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. एवढं करून दवाखाना गाठला की ऐकू येतं, "आई, तुम्ही बाहेर थांबा." दोन मिनिटांत पुन्हा हाक, "आई, आत या, हा काय म्हणतोय?"

तो नीटच म्हणतोय. त्याला बोलायला वेळ लागतो आणि तुम्हाला थांबायचं नसतं.

शेवटची फिट कधी आली, कोणत्या गोळीने तो दिवसभर गुंगीत राहिला, कोणता घास घशात अडकतो, हे सगळं माझ्या वहीत तारखेवार आहे. डॉक्टर फाइल मागतात. वही आजवर एकानेही उघडली नाही. पंधरा वर्षांची निरीक्षणं फक्त आईने लिहिली म्हणून रद्दी ठरतात. हा उर्मटपणा आहे, आणि त्याची किंमत माझं पोर मोजतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते म्हणतात, हे लहानपणचं दुखणं. अहो, अठरावा वाढदिवस झाला म्हणून आखडलेले स्नायू मोकळे होतात का? उलट वय वाढतं तसे खुब्याचे सांधे जास्त छळतात.

मागे दात काढायला भूल द्यायची होती, तर पालकत्वाचा कागद मागितला. का? सेरेब्रल पाल्सी झालेल्या प्रत्येकाची समज कमी नसते. माझ्या मुलाला सगळं कळतं. तो वेडीवाकडी का होईना, स्वतःची सही करतो. ती सही घ्यायला पाच मिनिटं लागतात, तेवढीही कुणी दिली नाहीत. म्हणजे मी त्याची आई म्हणून चालत नाही, आणि तो स्वतःचा म्हणूनही चालत नाही!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ दिव्यांगांना उपचारात अग्रक्रम द्यायला सांगतं. सरकारी काय, खासगी काय, प्रत्येक दवाखान्यात अडथळ्याविना जाता यावं, हेही त्यातच आहे. आम्ही मात्र बंद लिफ्टसमोर उभे असतो.

डॉक्टर, पुढच्या महिन्यात आम्ही येऊ. तेव्हा माझ्यासाठी आत एक खुर्ची ठेवा, वही उघडा, आणि पहिला प्रश्न त्याला विचारा. उत्तर संपेपर्यंत थांबा.