आधी कोण, नंतर कोण?

एकाच वेळी घडलेल्या दोन गोष्टी एकाच वेळी सांगता येत नाहीत. एकीला वरची ओळ मिळते, दुसरीला खालची. आणि वाचणारा नकळत पहिलीला कारण व दुसरीला परिणाम समजून बसतो. कथनाची ही अडचण आम्हां साहित्याच्या मंडळींना परिचित आहे. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नोंदी तपासणाऱ्यांनाही ती तितकीच छळते, आणि तिथली शिस्त आपण उचलावी असे आम्हांला वाटते.

लिनक्समधील एफट्रेस हे साधन प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरची नोंदवही वेगळी ठेवते, म्हणजे नोंद करताना कोणाचा कोणासाठी खोळंबा होत नाही. वाचताना या वह्या वेळेनुसार एकत्र गुंफल्या जातात. छापील वेळ सहसा मायक्रोसेकंदापर्यंतच दिसते. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या कोअरची ३,००० आवर्तने होऊन जातात. शिवाय नेहमीचे ‘लोकल’ घड्याळ सर्व कोअरांवर तंतोतंत जुळलेले असेलच असे नाही. म्हणजे दोन कोअरांवरील लगतच्या ओळींचा क्रम कधी कधी घटनांचा नसतो, केवळ कागदाचा असतो. तो खरा मानला की निरपराध प्रक्रियेवर दोष येतो.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या निबंधात याचा उलगडा केला. एकाच प्रक्रियेतील घटनांना क्रम असतो. निरोप पाठवणे हे तो मिळण्याच्या आधीचे असते. या दोन धाग्यांनी जोडता न येणाऱ्या घटना समकालीन. त्यांनाही एका रांगेत बसवण्याची रीत त्यांनी दिली, पण तीतील निवड ऐच्छिक आहे हे सांगून. आमच्या मते सचोटी आहे ती या सांगण्यात.

प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक द्यावा, म्हणजे प्रश्न मिटेल, असे कोणी म्हणेल. एफट्रेसमध्ये तशी सोय आहेही. पण त्यात दोन घटनांमधले अंतर हरवते, आणि कोणामुळे काय घडले हे क्रमांक सांगत नाही. एका कोअरने सोडलेले कुलूप दुसऱ्याने घेतले, एका कामाने दुसऱ्या निद्रिस्त कामाला जागे केले, असा दुवा सापडला तरच कार्यकारणाविषयी बोलता येते.

एकाच वर्षी निघालेल्या दोन संग्रहांपैकी एकाला दुसऱ्याचा ऋणी ठरवताना आपण असा दुवा मागतो का? एखादे पत्र, वाचलेले हस्तलिखित, नियतकालिकातील पूर्वप्रसिद्धी? तो नसेल, तर ‘समकालीन’ एवढेच लिहून थांबावे.